हृद्रोग्यानें चालावें किती ?

हृदयविकार झालेल्या माणसाशीं वागण्याच्या आपल्याकडे दोनच रीती रूढ आहेत. पहिली रीत अशी कीं, त्याला आरामखुर्चींत बसवावें, पाण्याचा पेलाहि त्याच्या हातांत नेऊन द्यावा, आणि तो जरा उठूं लागला कीं घरांतल्या चारहि कोपऱ्यांतून "अहो, बसा, बसा" असा गजर व्हावा. दुसरी रीत पुरुषार्थाची. "मला कांहीं झालेंच नाहीं" असें म्हणून रोग्यानें तिसऱ्याच आठवड्यांत पर्वती चढून दाखवावी आणि खालीं येऊन भेटेल त्याला तें सांगत सुटावें. दोन्ही रीतींत नुकसान आहे. पहिलींत तें हळूहळू होतें, दुसरींत एकदम. आज मला जें बोलावयाचें आहे तें या दोहोंच्या मधल्या वाटेविषयीं.

प्रारंभींच माझा अधिकार सांगून टाकतों. मी जुन्या मॅट्रिकचा मनुष्य. आयुष्यभर मराठी शाळेंत मुलांना गणित आणि भूगोल शिकविला. वैद्यकाचें शिक्षण मला नाहीं. वयाच्या एकसष्टाव्या वर्षीं मला हृदयाचा झटका आला, रक्तवाहिनींत जाळी बसविण्यांत आली, आणि पुढच्या तपासणींत डॉक्टरांनीं सांगितलें कीं, तुमच्या हृदयाच्या डाव्या कप्प्याची शक्ति पस्तीस टक्के आहे. त्याला आतां सहा वर्षें होत आलीं. तेव्हां रोगी या नात्यानें माझा अनुभव सहा वर्षांचा आहे. आणि शिक्षक या नात्यानें जें सांगितलें जाईल त्याचें कारण विचारण्याची खोड आहे. त्या विचारपुशींतून आणि वाचनांतून जें हातीं लागलें तें आपणांपुढें ठेवतों.

प्रथम या पस्तीस टक्क्यांचाच उलगडा करूं. आमच्या धंद्यांत पस्तीस गुण म्हणजे काठावर पास. आंकडा ऐकतांच घरच्या मंडळींनीं असें धरलें कीं, हृदयाचे शंभर भाग होते त्यांतले पासष्ट गेले. वस्तुस्थिति तशी नाहीं. हृदयाचा डावा कप्पा रक्तानें भरतो आणि आकुंचन पावून तें शरीरांत ढकलतो. परंतु निरोगी माणसाचाहि कप्पा एका ठोक्यांत सगळें रक्त ढकलीत नाहीं, शेंकडा पंचावन्न ते सत्तर इतकेंच ढकलतो. म्हणजे या परीक्षेंत पूर्ण गुणच मुळीं सत्तर. पस्तीस ही दुर्बळता खरी, आणि ती थट्टेवारी नेण्यासारखी नव्हे. पण निम्में बळ उरलें म्हणणें आणि तिसरा हिस्सा उरला म्हणणें, यांत रोग्याच्या मनाला फार मोठा फरक पडतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. मनुष्य किती चालूं शकेल हें हा आंकडा सांगत नाहीं. सारखाच आंकडा असलेले दोन रोगी घ्या. एक जण भाजीची पिशवी घेऊन मंडईंतून घरीं येतो. दुसऱ्याला न्हाणीघरापर्यंत जातांना धाप लागते. याचें कारण असें कीं, चालण्याचें काम एकटें हृदय करीत नाहीं. पायांचे स्नायू रक्तांतला प्राणवायु कितपत उचलतात, रक्तवाहिन्या कितपत सैल होतात, श्वासाचे स्नायू किती दमदार आहेत, या सर्वांवर तें अवलंबून असतें. स्नायू निजून राहिले कीं आळशी होतात, आणि पूर्वीं जें काम थोड्या रक्तांत भागत होतें त्याच कामासाठीं ते हृदयाजवळ अधिक रक्त मागूं लागतात. दुबळ्या हृदयाच्या दारीं असे उधळे मागणेकरी उभे करणें, हा आपल्या विश्रांतीचा उपकार !

थकलेल्या हृदयानें कोणतें काम सोडावें आणि कोणतें सोडूं नये, हा प्रश्न आपल्या पुण्याला जुना आहे. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे आणि त्यांचे शिष्य गोपाळ कृष्ण गोखले, या दोघांनाहि तो सोडवावा लागला.

१९०० सालच्या डिसेंबरांत लाहोर येथें सामाजिक परिषद भरावयाची होती. रानडे हे त्या परिषदेचे प्राण. परंतु हृदयविकारानें त्यांना त्या वेळीं इतकें ग्रासलें होतें कीं, एवढा दूरचा प्रवास करणें अशक्य झालें. त्यांनीं 'वसिष्ठ आणि विश्वामित्र' या विषयावरचें आपलें भाषण तयार केलें, आणि तें घेऊन गोखले लाहोरास गेले व तेथें त्यांनीं तें वाचून दाखविलें. पुढें थोड्याच दिवसांत, १६ जानेवारी १९०१ रोजीं, रानडे मुंबईस वारले. आणखी दोन दिवसांनीं त्यांना एकुणसाठ वर्षें पुरीं व्हावयाचीं होतीं. त्यांच्या अखेरच्या दिवसांची हकीकत रमाबाईंनीं 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' या १९१० सालीं निघालेल्या पुस्तकांत लिहून ठेविली आहे. ज्या घरांत हृद्रोगी आहे त्या घरीं तें प्रकरण अवश्य वाचावें. आजारी माणसाच्या उशाशीं बसणाऱ्या माणसाची अवस्था आजाऱ्याला सहसा दिसत नाहीं. ती तेथें दिसते.

रानड्यांनीं प्रवास सोडला, काम सोडलें नाहीं. पायांना जें झेपेना तें शिष्याच्या हवालीं केलें आणि बुद्धीला जें झेपत होतें तें स्वतःजवळ ठेविलें. त्या काळच्या वैद्यकाजवळ त्यांना देण्यासारखें फार थोडें होतें. छातींतील कळ थांबविण्यासाठीं हुंगावयाचें एक द्रव्य १८६७ सालीं ब्रंटन या डॉक्टरानें उपयोगांत आणलें होतें, आणि नायट्रोग्लिसरीनचा औषधी उपयोग १८७९ सालीं मरेल यानें दाखवून दिला होता. हृदयाचा आलेख काढणारें यंत्र अजून रोग्यांच्या उपयोगीं पडूं लागलेलें नव्हतें. ही स्थिति ध्यानांत घेतली म्हणजे त्यांच्या त्या निर्णयाचें मोल कळतें.

गोखल्यांची गोष्ट निराळी आहे, आणि मला ती अधिक बोचते. १९०२ सालच्या आरंभीं महात्मा गांधी कलकत्त्यास गोखल्यांकडे महिनाभर पाहुणे होते. त्या वेळचें वर्णन गांधीजींनीं आपल्या आत्मकथेंत केलें आहे. गोखल्यांचा क्षण न् क्षण सार्वजनिक कामांत जातांना पाहून त्यांना धन्य वाटे. पण हा मनुष्य पाय मोकळे करावयास म्हणून कधीं बाहेर पडत नाहीं, आणि प्रकृति तर नादुरुस्त, हें त्यांना सहन होईना. त्यांनीं धीर करून तसें विचारलें. गोखल्यांनीं उलट प्रश्न केला कीं, मला फिरावयास जाण्याइतका रिकामा तुम्ही कधीं पाहिला आहे काय ? गांधीजी आदरापोटीं गप्प बसले, पण उत्तर त्यांना पटलें नाहीं. जेवणासाठीं जसा वेळ काढतों तसाच व्यायामासाठींहि काढलाच पाहिजे, आणि त्यानें काम घटत नसून वाढतें, असें आपलें मत त्यांनीं तेथेंच नमूद करून ठेविलें आहे.

पुढें तेरा वर्षांनीं, १९१५ च्या फेब्रुवारींत, गांधीजी आफ्रिकेहून परत आल्यावर पुण्यास आले. भारत सेवक समाजाच्या आवारांत गोखल्यांनीं त्यांच्यासाठीं फळांचा अल्पोपहार ठेविला होता. जागा गोखल्यांच्या खोलीपासून कांहीं पावलांवरच होती. तेवढेंहि चालून येण्याची शक्ति त्यांच्यांत राहिली नव्हती. तरी प्रेमापोटीं ते आलेच. आले आणि घेरी येऊन पडले, आणि त्यांना उचलून आंत न्यावें लागलें. शुद्धीवर येतांच त्यांनीं निरोप पाठविला तो असा कीं, कार्यक्रम चालूं ठेवा. १९ फेब्रुवारीस त्यांचें देहावसान झालें. वय अठ्ठेचाळीस.

गोखल्यांना मधुमेह होता, आणि इन्शुलिन माणसाला प्रथम टोंचलें गेलें तें १९२२ सालीं टोरांटो येथें. तेव्हां ते फिरावयास गेले असते तर वांचले असते, असें म्हणण्याचा फाजीलपणा मी करणार नाहीं. पण कलकत्त्याचा तो प्रश्न आणि तें उत्तर माझ्या मनांतून जात नाहीं. कारण तें उत्तर आपण सर्वजण देत असतों. फरक इतकाच कीं, गोखल्यांजवळ तें देण्यासारखें काम होतें, आणि आपल्याजवळ बहुधा दूरदर्शनचा पडदा असतो. शिवाय त्यांच्या चरित्रांत एक भेद फार स्पष्ट दिसतो. १९१२ सालीं दक्षिण आफ्रिकेचा दौरा, त्यास लागूनच सरकारी नोकऱ्यांच्या कमिशनाचें काम, त्यासाठीं विलायतेच्या फेऱ्या; यांहून उद्योगी आयुष्य कोणतें असणार ? आणि तरी त्यांत शरीराच्या वाट्याला हालचाल नव्हती, नुसता शीण होता. कागदांवर मान घालून बसणें, जागरण, वादविवाद, काळजी, आगगाडी आणि आगबोट. हृद्रोग्यानें उद्योगी असावें असें जेव्हां आपण म्हणतों, तेव्हां हा उद्योग अभिप्रेत नसतो. भारत सेवक समाजाच्या त्या आवाराच्या पाठीशींच फर्ग्युसन कॉलेजची टेकडी आहे. तिच्यावर आज रोज सकाळीं शेंकडों लोक फिरतात, त्यांत माझ्यासारखे जाळीवाले आणि बायपासवाले कांहीं थोडे नाहींत.

चालण्यानें अशा रोग्याला बरें वाटतें हें वैद्यांना केव्हांपासून ठाऊक आहे ? आपल्याला वाटतें त्याहून पुष्कळ आधींपासून. लंडनच्या विल्यम हेबर्डन या डॉक्टरानें १७६८ सालीं तेथील वैद्यमंडळापुढें एक निबंध वाचला. तो १७७२ सालीं छापला गेला. चालतांना, विशेषतः चढावर आणि जेवण झाल्यावर, छाती आवळल्यासारखी होते आणि उभें राहतांच तें दुखणें नाहींसें होतें, असें या रोगाचें वर्णन त्यानें केलें. आजचा डॉक्टरहि पहिला प्रश्न हाच विचारतो. रोगावर उपाय काय, याविषयीं हेबर्डनजवळ सांगण्यासारखें थोडेंच होतें. मात्र एका रोग्याची नोंद त्यानें करून ठेविली आहे. त्या मनुष्यानें रोज अर्धा तास करवतीनें लांकूड कापावयाचा नेम केला, आणि तो जवळजवळ बरा झाला. एवढीच ओळ. तो कोण, त्याला ही बुद्धि कोणीं दिली, कांहीं कळत नाहीं. माझें लक्ष जातें तें 'रोज' आणि 'अर्धा तास' या दोन शब्दांकडे. आजचीं मोठमोठीं रुग्णालयें याहून फार निराळें कांहीं सांगत नाहींत.

मग मध्यंतरीं ही खाट कोठून आली ? तिलाहि कारण होतें. शिकागोच्या हेरिक या डॉक्टरानें १९१२ सालीं दाखवून दिलें कीं, हृदयाच्या रक्तवाहिनींत गुठळी अडकली म्हणजे मनुष्य तत्काळ मरतोच असें नाहीं. तो वांचूं शकतो. वांचला तर त्याच्या हृदयाची जखम भरून यावयास सुमारें सहा आठवडे लागतात, असें शवपरीक्षांवरून दिसूं लागलें. मग जखम भरेपर्यंत हलूं नये, असा तर्क निघाला. रोग्यानें स्वतःच्या हातानें जेवूंहि नये, इथपर्यंत कांहीं ठिकाणीं मजल गेली. तर्क वाईट नव्हता, पण त्याचा परिणाम वाईट झाला. पडून राहिलेल्या पायांत रक्त गोठे आणि ती गुठळी फुफ्फुसांत जाऊन मनुष्य हृदयाऐवजीं तिनेंच दगावे. १९५२ सालीं बोस्टनच्या लेव्हिन आणि लॉन या डॉक्टरांनीं असे रोगी लौकरच खाटेवरून उठवून खुर्चींत बसविले आणि त्यांचें चांगलें चाललें असें दाखविलें. १९५५ च्या सप्टेंबरांत अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयाचा झटका आला. त्यांच्या चिकित्सकांत पॉल व्हाइट हा चालण्याचा मोठा कैवारी होता. पुढच्याच सालीं अध्यक्ष पुन्हां निवडून आले आणि १९६१ पर्यंत त्यांनीं राज्यकारभार पाहिला. त्या एका आजारानें जगांतल्या पुष्कळ रोग्यांना खाटेवरून उठविलें असेल.

अमेरिकेंतच, डॅलस येथें, १९६६ सालीं एक प्रयोग झाला. वीस वर्षांच्या पांच धडधाकट तरुणांना तीन आठवडे बिछान्यांत पडून राहावयास सांगितलें, आणि त्यांची श्रम करण्याची शक्ति किती घटली तें मोजलें. तीस वर्षांनीं त्याच पांचांना शोधून काढून पुन्हां मोजणी केली. पन्नाशीला आलेल्या, पोट सुटलेल्या त्या गृहस्थांची शक्ति तीस वर्षांत जेवढी घटली होती, त्याहून अधिक ती त्या तीन आठवड्यांत घटली होती. आमच्या सौभाग्यवतींनीं "बसा" म्हणणें कमी केलें तें माझ्या वक्तृत्वानें नव्हे, या पांच पोरांच्या हकीकतीनें.

पण हें झालें निरोगी तरुणांचें. ज्यांचें हृदय पस्तीस टक्क्यांवर किंवा त्याहूनहि खालीं आलें आहे, त्यांना श्रम दिले तर धोका नाहीं काय ? या प्रश्नाचें उत्तर २००९ सालीं मिळालें. अमेरिका, कॅनडा आणि फ्रान्स येथील अशा २३३१ रोग्यांवर केलेल्या चांचणींत बेतशीर व्यायाम सुरक्षित ठरला. मरण फार मोठ्या प्रमाणांत टळलें असें नव्हे, लाभ माफकच होता; पण दिवस बरे जाऊं लागले. आपल्या देशांतहि झटक्यांतून उठलेल्या ३९५९ रोग्यांवर २४ रुग्णालयांत योगाभ्यासाची चांचणी झाली आणि तिचा निष्कर्ष २०२० सालीं प्रसिद्ध झाला. तिच्यांतहि मृत्यु निश्चितपणें कमी झाले असें सिद्ध झालें नाहीं. मात्र योग करणारे रोगी आपल्या पूर्वीच्या कामाकडे अधिक परतले आणि त्यांना अधिक बरें वाटलें. हे दोन्ही निष्कर्ष मी मुद्दाम कमीजास्त न करतां सांगितले. चालल्यानें अमरत्व येतें असें सांगणारे लोक बागेंत पुष्कळ भेटतात. त्यांच्यापासूनहि रोग्यानें जपावें.

आतां व्यवहाराकडे वळतों. चालावयास लागण्यापूर्वीं डॉक्टरांची अनुज्ञा पाहिजे, हें मी नुसता शिष्टाचार म्हणून सांगत नाहीं. हृदयाची झडप फार अरुंद झाली असेल, बसल्या जागीं छातींत दुखत असेल, ठोके बिघडून घेरी येत असेल, अंगावर सूज चढत असेल, किंवा अगदीं साधा ताप असेल, तर त्या स्थितींत चालणें हें औषध नसून अपाय आहे. तें दुखणें आधीं ताब्यांत यावें लागतें.

अनुज्ञा देतांना रुग्णालयांत पुष्कळदां एक सोपी परीक्षा घेतात. लांब वऱ्हांड्यांत तीस मीटरांवर खुणा करतात आणि सहा मिनिटांत रोगी किती चालतो तें मोजतात. धांवावयाचें नाहीं, थांबावेंसें वाटलें तर थांबावें, घड्याळ मात्र चालूं राहतें. पहिल्या वेळीं माझे २७० मीटर झाले. तीन महिन्यांनीं तेच ३६० झाले. गंमत अशी कीं, हृदयाचा आंकडा त्या तीन महिन्यांत होता तेथेंच होता. वाढलें तें पायांचें बळ.

हे तीन महिने मीं काढले ते असे. पहिल्या आठवड्यांत सपाट जागेवर पांच मिनिटें सकाळीं आणि पांच मिनिटें संध्याकाळीं. दर दोन-तीन दिवसांनीं एखादें मिनिट वाढवावयाचें. अंग दुखलें, झोंप नीट झाली नाहीं, तर त्या दिवशीं वाढ नाहीं. अशा रीतीनें बाराव्या आठवड्याच्या सुमारास अर्धा तास झाला. प्रारंभींचीं आणि शेवटचीं पांच मिनिटें संथ चालावें. एकदम थांबलें तर पायांकडे गेलेलें रक्त तेथेंच रेंगाळतें आणि घेरी येते. वेग किती ठेवावा ? नाडी मोजण्याची पद्धत आमच्यासारख्यांना फारशी उपयोगाची नाहीं, कारण ठोके मंद ठेवणारें औषध आम्ही घेत असतों आणि नाडी खरें बोलत नाहीं. त्यापेक्षां एक सोपी खूण आहे. चालतां चालतां एक पुरें वाक्य न तुटतां बोलतां आलें पाहिजे. गाणें म्हणतां येऊं लागलें तर वेग कमी पडतो. वाक्य मध्येंच तुटूं लागलें तर वेग अधिक झाला. मात्र बोलण्याची ही कसोटी म्हणजे वाद घालण्याची परवानगी नव्हे. पुणेरी टेकडीवर महानगरपालिकेचा आणि क्रिकेटचा विषय निघाला कीं, सपाटीवरहि चढ लागतो.

जागेचाहि विचार करावा. प्रारंभीं सारसबाग, एखाद्या शाळेचें मैदान, किंवा आपल्याच सोसायटीचें आवार बरें. पर्वतीच्या १०३ पायऱ्या ही आमच्या शहराची जुनी परीक्षा आहे, पण ती कोणत्याहि रोग्यानें स्वतःची परीक्षा म्हणून घेऊं नये. आमचें बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाहीं. प्रत्येक वळणावर थांबून, श्वास सोडीत पाऊल टाकीत, मी वर जातों. खालचे शेजारी वर पोंचून दार उघडतात तेव्हां मी दुसऱ्या मजल्यावर असतों. त्यांत कमीपणा कसला ? डिसेंबर-जानेवारीच्या थंडींत पहाटे बाहेर पडूं नये. गार वाऱ्यानें रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदयाला जोर अधिक लागतो. उन्हें अंगणांत आल्यावर निघावें. जेवणानंतर दीड-दोन तास चालूं नये. ही गोष्ट हेबर्डनच्या रोग्यांना अडीचशें वर्षांपूर्वीं कळली होती.

चालण्यापेक्षां ज्या कामांत श्वास कोंडून जोर करावा लागतो तीं कामें अधिक घातक. भरलेली बादली उचलणें, गॅसचें सिलिंडर ओढणें, गच्च बसलेली खिडकी उघडणें, आणि शौचाला कुंथणें. सूर्यनमस्काराचा अभिमान आपल्याला आहे तो योग्यच आहे. पण आरंभीं ते नकोत, आणि शीर्षासन व कुंभक तर नकोतच. न्हाणीघराचें दार लोटावें, आंतून कडी लावूं नये. रोज सकाळीं, शौचानंतर आणि खाण्यापूर्वीं, वजन करून वहींत मांडावें. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोंनीं वाढलें तर तें अंग धरणें नव्हे, अंगांत पाणी सांठणें आहे. त्या दिवशीं फिरणें बंद ठेवून डॉक्टरांना कळवावें. माझ्या वहींत असा प्रसंग दोनदां आला आहे. दोन्ही वेळां पायांवर सूज दिसण्यापूर्वीं आंकड्यानें सूचना दिली.

येथवर मी 'रोगी' म्हणतांना पुरुष डोळ्यांपुढें ठेवून बोललों, कारण बागेंत तोच दिसतो. पण हृदयविकार बायकांनाहि होतो, आणि त्यांची गोष्ट उलटी आहे. पुरुष रोगी झाला कीं त्याला "बसा" म्हणतात; बाई रोगी झाली कीं चौथ्या दिवशीं "आतां बरें वाटतंय ना ?" असें विचारून कणकेची परात पुढें सरकवितात. तिला फिरावयास जावेंसें वाटलें तर "घरकामांत व्यायाम होतोच कीं" हें उत्तर ठरलेलें. तें अर्धेंच खरें आहे. घरकामांत ओणवें होणें, उचलणें, घासणें, धुराशीं आणि उष्णतेशीं उभें राहणें हें आहे. सलग, एका लयींत, मोकळ्या श्वासानें अर्धा तास चालणें नाहीं. त्यांत शीण आहे आणि हालचालीचा गुण थोडा. गोखल्यांच्या कागदांचें आणि आमच्या गृहिणींच्या स्वयंपाकघराचें या बाबतींत साम्य आहे. माझ्या थोरल्या भगिनीला असा विकार झाला तेव्हां तिचें औषध घरांत वेळच्या वेळीं येई. अर्धा तास मात्र तिला कोणी आणून देईना. शेवटीं नातीनें संध्याकाळचा स्वयंपाक आपल्याकडे घेतला आणि आजीला बाहेर घालविलें. अशी नात प्रत्येक घरीं नसते. जेथें नाहीं तेथें मुलानें हें काम करावयास हरकत नसावी.

घरच्या मंडळींच्या भीतीविषयींहि बोललें पाहिजे. ती भीति खोटी नसते. ज्यांनीं मध्यरात्रीं रिक्षा शोधली आहे, त्यांना आपण पोकळ धीर देऊं नये. मी रुग्णालयांतून परत आलों तेव्हां माझ्या पत्नीनें दाराशींच माझ्या हातांतली पिशवी काढून घेतली, आणि त्यानंतर महिनाभर माझ्या हातीं कांहींच दिलें नाहीं. वर्तमानपत्रसुद्धां नातू उलगडून देई. मरणाचें भय मला त्या महिन्यांत फारसें वाटलें नाहीं. माळ्यावर जपून ठेविलेल्या पितळी भांड्यासारखें होऊन बसण्याचें वाटलें. मग एके दिवशीं आम्हीं उभयतांनीं डॉक्टरांपुढें बसून यादी केली: कोणतें काम माझें, कोणतें माझें नव्हे. दूध आणणें माझें. भाजी निवडणें माझें. नातवाला शाळेंत पोंचविणें पहिले दोन महिने पत्नीबरोबर, पुढें एकट्यानें. दळण आणि बादल्या माझ्या नव्हेत. संध्याकाळच्या फेरींत पहिला महिना ती बरोबर असे. तिचा हात माझ्या कोपराखालीं असे तो आधारासाठीं, असा लोकांचा समज. वस्तुतः मी वेग वाढवूं नये म्हणून तो लगाम होता. आतां गुडघ्यांमुळें ती मागें राहते आणि मी तिच्यासाठीं थांबतों.

वाईट दिवसहि येतात. गेल्या पावसाळ्यांत पंधरा दिवस खोकला झाला आणि अर्ध्या तासाचीं दहा मिनिटें झालीं. पुन्हां पांचापासून आरंभ केला. शाळेंत दिवाळीच्या सुटीनंतर मुलें पाढे विसरून येत, तेव्हां आम्ही दोनापासून म्हणवून घेत असूं. त्यांत कोणी लाजत नसे.

शेवटीं बाहेर पडतांना खिशांत काय असावें तेवढें सांगतों. एक जाड कागद, त्यावर आपलें नांव, घरचा दूरध्वनि, औषधांचीं नांवें आणि कोणत्या सालीं काय झालें तें. मोठ्या, सुवाच्य अक्षरांत, कारण वाचणारा घाईंत असतो. डॉक्टरांनीं दिली असेल तर जिभेखालीं धरावयाची गोळी. छाती आवळली, डावा हात किंवा जबडा भरून आला, थंड घाम सुटला, तर तत्काळ थांबावें, जेथें असाल तेथें बसावें आणि बसूनच गोळी जिभेखालीं धरावी; उभ्यानें धरली तर रक्तदाब उतरून पडण्याचा संभव असतो. पांच मिनिटांत आराम पडला नाहीं तर घरीं चालत येऊं नये, रिक्षा शोधीत फिरूं नये, १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी. गोळीची बाटली उघडून किती महिने झाले तें तिच्यावर लिहून ठेवावें, आणि ती उन्हांत तापलेल्या स्कूटरच्या डिकींत ठेवूं नये. उष्णतेनें तिचा गुण जातो. आणि एक छत्री असावी. पुण्याच्या पावसाचा भरंवसा नाहीं, आणि पावसांतून धांवत घर गांठण्याची आम्हां लोकांस मुभा नाहीं.